शिबपूरच्या बागेला चाळीस मिनिटे पुरत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी सहलींचा हंगाम आला की आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक पानांवर कोलकात्याचा उल्लेख हमखास येतो आणि त्यात दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, व्हिक्टोरिया मेमोरियल ही नावे ठरलेल्या क्रमाने असतात. हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या शिबपूर भागात असलेल्या आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यानाचे नाव त्या यादीत आलेच, तर ते ‘मोठे वडाचे झाड’ एवढ्याच ओळखीने येते. गेल्या जानेवारीत ही बाग मी लागोपाठ दोन दिवस पाहिली. पहिल्या दिवशी सहलीच्या बसमधून उतरून आणि दुसऱ्या दिवशी आमचे आम्ही जाऊन. या दोन भेटींतले अंतर इतके मोठे होते, की आपल्या वाचकांपुढे ते मांडावे असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. शिबपूरचे नाव मी वर्गात दरवर्षी घेत आले, फळ्यावर लिहीत आले, पण बाग पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला. सहलीच्या छापील कार्यक्रमात ‘बोटॅनिकल गार्डन’ हे शब्द वाचूनच मी आणि माझ्या यजमानांनी ती सहल ठरवली होती. प्रत्यक्षात बस दुपारी अडीचच्या सुमारास फाटकापाशी उभी राहिली आणि सव्वातीनपर्यंत सर्वांनी जागेवर बसावे असे सांगण्यात आले. उतरणे, तिकिटे आणि मोजदाद यांत काही वेळ गेला, उरलेल्या वेळात आम्ही तीस-पस्तीस जण घाईघाईने वडापर्यंत पोहोचलो, तेथे सगळ्यांचा एक फोटो झाला आणि आम्ही परत फिरलो. आमच्याबरोबर ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. फोटो झाल्यावर त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, “याचं मूळ खोड कुठंय?” टूर मॅनेजर भला माणूस होता, पण त्याला उत्तर ठाऊक नव्हते आणि उत्तर द्यायला वेळ तर त्याहून नव्हता. मला ठाऊक होते, पण मी बोलायला लागेपर्यंत मंडळी निघाली होती. त्या रात्री हॉटेलवर ही गोष्ट मला फार लागली. दुसरा दिवस खरेदीसाठी मोकळा ठेवलेला होता, तो आम्ही बागेला दिला. एस्प्लनेडहून बस धरली, कंडक्टर दारात उभा राहून ‘बी गार्डन, बी गार्डन’ असे ओरडत होता, आणि सकाळचे धुके पुरते विरले नव्हते तेव्हा आम्ही आत शिरलो.

त्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की मूळ खोड नाहीच. या वडाचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानले जाते, म्हणजे तो बागेपेक्षाही जुना आहे. शिंदीच्या झाडावर पक्ष्याने टाकलेल्या बीजातून तो उगवला असे सांगतात आणि वडाची रीत पाहता त्यात नवल काही नाही. एकोणिसाव्या शतकातील वादळांनी त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि १५ मीटरांहून अधिक घेराचे मुख्य खोड आतून कुजत गेले. ते कुजके खोड १९२५ साली कापून काढण्यात आले, म्हणजे उरलेले झाड निरोगी राहावे. तेव्हापासून आज शंभर वर्षे हा वड केवळ पारंब्यांवर उभा आहे. पारंब्यांची संख्या पावणेचार हजारांच्या पुढे आहे, झाडाखालचे क्षेत्र साडेचार एकरांहून अधिक आहे, आणि पूर्वी त्याच्याभोवती सुमारे ३३० मीटरचा रस्ता आखला होता, तो ओलांडून झाड पलीकडे सरकले आहे. जे मेले ते मधले, जे जगले ते कडेचे, आणि तरीही झाड एकच. हे उत्तर मिळाल्यावर त्या आजोबांचा चेहरा कसा झाला असता, हे मी अनेकदा मनात पाहिले आहे.

वडाच्या कडेला त्या सकाळी जे दिसले ते सांगते. एक माळीदादा नव्याने लोंबणाऱ्या पारंब्यांची काळजी घेत होते. करंगळीएवढ्या जाडीची कोवळी पारंबी त्यांनी बांबूच्या उभ्या चिरलेल्या दोन फाकांमध्ये घेतली, फाका काथ्याने बांधल्या, खालचे टोक जमिनीत रोवले आणि हाताने माती दाबली. पारंबी वाऱ्याने हेलकावत राहिली, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिला ओढले, तर ती जमिनीला पोहोचत नाही. बांबूच्या आडोशाने ती सरळ खाली उतरते, रुजते, आणि पुढे तीच वरच्या फांदीचा खांब होते. मोडक्या हिंदीत मी त्यांना विचारले, की हिचे खोड व्हायला किती वर्षे लागतील. ते हसून म्हणाले, ते माझा नातू सांगेल. चाळीस मिनिटांच्या भेटीत हे दिसणे शक्य नव्हते.

बाग १७८७ साली स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील कर्नल रॉबर्ट किड यांनी आदल्या वर्षी कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला होता, आणि त्यात शोभेची किंवा कुतूहलाची झाडे गोळा करण्याचा हेतू नसून लोकांच्या आणि कंपनीच्या उपयोगी पडतील अशा वनस्पतींची रोपे वाढवून ती सर्वदूर पसरवण्याचा हेतू स्पष्ट मांडला होता. १७७०च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी बंगालमध्ये ताज्या होत्या, म्हणून साबुदाण्याच्या माडासारखी अन्न देणारी झाडे त्यांना हवी होती. जहाजांसाठी साग हवा होता. आणि व्यापारासाठी जायफळ, लवंग, दालचिनी हवी होती. मसाल्याची झाडे बंगालच्या हवेत टिकली नाहीत, सागाचा प्रयोगही त्या पाणथळ जमिनीत फारसा साधला नाही. पण परदेशी वनस्पती आणून त्या वाढवून पाहण्याची व्यवस्था एकदा उभी राहिली ती राहिलीच. आज आपण फर्निचरच्या दुकानात ज्याचे नाव सहज घेतो त्या महोगनीची रोपे १७९५ साली येथे आली. चीनमधून आणलेल्या चहाच्या बियांची रोपे १८३५ साली याच बागेत वाढवून आसाम आणि कुमाऊँकडे पाठवण्यात आली. कंपनीचा हेतू नफ्याचा होता हे लपवण्याचे कारण नाही. पण आपल्या घरात सकाळी उकळणाऱ्या चहाच्या इतिहासातील एक पान या बागेत लिहिले गेले आहे, हेही तितकेच खरे.

किड १७९३ साली निवर्तले आणि त्याच वर्षी डॉ. विल्यम रॉक्सबर्ग बागेचे अधीक्षक झाले. हे नाव मराठी वाचकाला परके वाटेल, पण सह्याद्रीत आणि विदर्भाच्या रानात वाढलेल्या माणसाने ते रोज पाहिलेल्या झाडांवर लिहिलेले आहे. वनस्पतीच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी, ते नाव देणाऱ्याचे आडनाव संक्षेपाने लिहिण्याची प्रथा आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तो तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी, ज्याच्या डिंकाचा धूप होतो ती सालई, कोकणा-घाटावर भेटणारा काकड, आणि डोंगरउतारावर उभा असणारा कुंभा, या सगळ्यांच्या शास्त्रीय नावांपुढे ‘रॉक्स्ब.’ असे लिहिलेले असते. वर्गात मुले विचारत, “बाई, हे रॉक्स्ब. म्हणजे काय?” आणि मी एका वाक्यात उत्तर देऊन पुढे जात असे. शिबपूरच्या त्या रस्त्यांवरून चालताना, हा माणूस येथेच राहत होता, येथेच या झाडांची वर्णने लिहीत होता, हे प्रथमच नीट उमगले.

कुंभ्याची हकिगत तर मराठीच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येते. त्याचे शास्त्रीय नाव कॅरेया आर्बोरिया. यातले ‘कॅरेया’ हे नाव रॉक्सबर्ग यांनी आपले मित्र विल्यम कॅरी यांच्या सन्मानार्थ दिले. कॅरी हे बंगालमधल्या (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) श्रीरामपूरचे मिशनरी, स्वतः बागकामाचे मोठे वेडे. शिबपूरच्या बागेतील वनस्पतींची रॉक्सबर्ग यांनी केलेली सूची १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्यांनीच प्रसिद्ध केली. आणि हेच ते कॅरी, ज्यांनी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केला. मराठी भाषेच्या इतिहासात ज्यांचे नाव आपण वाचतो, त्यांचेच नाव आपल्या डोंगरातील एका झाडाला आहे आणि त्या दोहोंना जोडणारी जागा हुगळीकाठची ही बाग आहे. कोलकात्याला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला एवढे एक जरी कोणी सांगितले, तरी तो या बागेत दुसऱ्या डोळ्यांनी वावरेल असे मला वाटते.

रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकार नेमून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. एक संच येथील हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून जतन केलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात आहे, दुसरा लंडनजवळच्या क्यू बागेत. त्या चित्रांतले पान, फूल, फळाचा छेद आणि बी इतके अचूक आहे, की शास्त्रज्ञ आजही त्यांचा आधार घेतात. मात्र ती काढणाऱ्या बहुतेक हातांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. हे वाचताना मला आपल्या दापोडीची आठवण झाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ साली पुण्याजवळच्या दापोडीत अशीच सरकारी वनस्पती बाग सुरू झाली होती. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, तेथील झाडांची दीडशेहून अधिक चित्रे एका भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली गेली. १८६०च्या दशकात ती बाग बंद पडली. चित्रे आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात सुरक्षित आहेत. लोकलने दापोडी स्थानकावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? शिबपूरची बाग टिकली आणि दापोडीची गेली. टिकलेली बाग पाहताना गेलेल्या बागेची किंमत कळते.

टिकणेही सोपे नव्हते. ५ ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळात हुगळीचे पाणी बागेत घुसले आणि असंख्य झाडे आडवी झाली. उरलेल्यांवर तीन वर्षांनी दुसरे वादळ आले. १८७१ साली आलेले अधीक्षक जॉर्ज किंग यांना जवळजवळ उजाड जमीनच मिळाली. त्यांनी सपाट भूमीत तळी खोदून घेतली, निघालेल्या मातीचे उंचवटे केले, रस्त्यांना डौलदार वळणे दिली आणि झाडे नव्याने लावली. आज आपण जी बाग पाहतो, तिचा आराखडा प्रामुख्याने किंग यांचा आहे. १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच होते, आणि त्या संस्थेच्या बोधचिन्हावर आजही तोच वड आहे. मे २०२० मधील अम्फान वादळानेही बागेचे आणि वडाचे मोठे नुकसान केले. शेवाळ चढलेला, मुळासकट उलथलेला एक ओंडका आम्ही वाटेत पाहिला. त्याच्याच कडेने नवे रोप लावून त्याला काठीचा आधार दिलेला होता.

बागेचा विस्तार २७३ एकर आहे. मुंबईकरांना कल्पना यावी म्हणून सांगते, राणीची बाग त्यात जवळपास पाच वेळा मावेल. तेव्हा सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही वडानंतर दोनच गोष्टींपाशी मनसोक्त थांबलो. एक म्हणजे ज्याला तेथे वेडे झाड म्हणतात ते. त्याची कोणतीही दोन पाने सारखी नसतात असे आम्ही शिकवत असू. मी खाली पडलेली पाच पाने तळहातावर मांडली: एक लांबट, एक हृदयाच्या आकाराचे, एकाची एकच बाजू खोल कापलेली, एकाला शेपटीसारखे टोक, आणि पाचवे तर चिमट्यात धरून दाबल्यासारखे मधेच आवळलेले. माझे यजमान बँकेत नोकरीला होते, त्यांना झाडांत विशेष रस कधी नव्हता. पण अर्धा तास ते खाली वाकून सहावा नमुना शोधत राहिले. पाहून झाल्यावर पाने आम्ही जागच्या जागी ठेवली.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्याई नारळ. सेशेल्स बेटांवरचा हा माड. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत जड बी याचे. ती बेटे जगाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून याची रिकामी फळे समुद्रातून वाहत आपल्या किनाऱ्यांना लागत, त्यांच्या अर्ध्या करवंटीचे पात्र फकिरांच्या आणि साधूंच्या हाती असे, आणि ती कोठून येतात हे कोणालाच माहीत नसल्याने समुद्राच्या तळाशीच हे झाड असावे अशी समजूत होती. शिबपूरचे झाड १८९४ साली लावले गेले. फुलायलाच त्याने अनेक दशके घेतली, आणि झाड मादी असल्याने परदेशातून नराचे परागकण आणून, शास्त्रज्ञांनी हाताने परागण करून त्याला फळ धरवले. लावणाऱ्याने ते फूल पाहिले नाही, ज्यांनी मधली वर्षे पाणी घातले त्यांनीही पाहिले नाही. त्या झाडाखाली उभे राहून मला माझ्या सगळ्या माळीकाकांची आठवण आली, विशेषतः महाविद्यालयाच्या छोट्या बागेत कुंडीकुंडीला पाटी लावून ठेवणाऱ्या एका काकांची, जे निवृत्त झाल्यावरही पाट्या रंगवायला येत.

म्हणून काही विनंत्या आहेत. पहिली सहल आयोजकांना. कोलकात्याच्या कार्यक्रमात ही बाग ठेवायची असेल तर सकाळचे किमान तीन तास ठेवावेत, आणि तेवढा वेळ नसेल तर ती छापूच नये. ‘बोटॅनिकल गार्डन’ छापून वड दाखवणे म्हणजे वाचनालय छापून त्याचे फाटक दाखवण्यासारखे आहे. स्थानिक जाणकार मिळत असेल तर तो घ्यावा, न मिळाल्यास एक पानभर माहिती मराठीत छापून बसमध्येच वाटावी. आमच्या बसमध्ये निवृत्त शिक्षक, परिचारिका, शेतकरी होते, त्यांनी ती आवडीने वाचली असती. ज्येष्ठांसाठी वेग कमी ठेवावा, बसायला जागा आहेत त्यांची माहिती आधी द्यावी, आणि बागेचा सुट्टीचा वार व वेळ पाहूनच दिवस ठरवावा.

दुसरी विनंती आपणा प्रवाशांना. वडाच्या कडेच्या पारंब्यांवर चाकूने कोरलेली नावे मी पाहिली आणि त्यांतली काही देवनागरीत होती. पारंबीची साल म्हणजे तिचा अन्नमार्ग आहे. मूळ खोड जखमेतून शिरलेल्या बुरशीने गेले, हे वर सांगितलेच आहे. प्रत्येक कोरलेले अक्षर ही तशीच एक जखम असते. मुलांना पारंबीला लोंबकळू देऊ नये. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने बसमध्ये परत आणावीत. आमच्या गटातल्या दोन बाटल्या बाकाखाली राहिल्या होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी उचलल्या.

तिसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. ब्रह्मदेशात पाहिलेल्या ज्या अप्रतिम लाल फुलांच्या झाडाचे शास्त्रीय वर्णन शिबपूरचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांनी केले, ती उर्वशी आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत फुलते, आणि पेंग्विन पाहायला आलेली गर्दी तिच्याखालून निघून जाते. १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ती बागही मुळात वनस्पती बाग आहे. आपल्या पर्यटन पानांवर देवळे, किल्ले आणि समुद्रकिनारे यांच्या जोडीने अशा बागांना, त्यांतल्या एकेका झाडाला, जागा मिळावी. शिबपूरपासून सुरुवात केलीत तर मला आनंद होईल, आणि त्यासाठी माझी टिपणे व छायाचित्रे मी विनामूल्य पाठवीन.

सहल आयोजकांची पुढील हंगामाची पत्रके साधारण गणपतीनंतर छापायला जातात. त्याआधी हे पत्र प्रसिद्ध झाले तर ते त्यांच्या वाचनात येईल. आमच्या बसमधल्या आजोबांचा पत्ता माझ्यापाशी नाही, पण ते आपलेच दैनिक वाचतात असे त्यांनी सांगितले होते; मूळ खोड १९२५ साली काढले, आजोबा, आणि झाड उत्तम आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली